घरचा जमाखर्च : भांडवली नफा आणि आगाऊ कराचे चार हप्ते

कराचा विषय निघाला कीं आपल्या घरांतून बहुधा दोन उद्गार ऐकूं येतात. एक म्हणतो, "तें मार्चांत पाहूं", दुसरा म्हणतो, "तें आपले सी. ए. पाहतील." दोहोंत थोडें थोडें सत्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही घातक आहेत. नोकरदाराचा कर मालक दरमहा कापून घेतो, ठेवीच्या व्याजावरील कांहीं अंश बँक कापते. त्यामुळें कर आपोआप भरला जात असतो, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु शेअर अथवा म्युच्युअल फंडाचीं युनिटें विकून जो नफा होतो, त्यांतून भारतांत राहणाऱ्या विक्रेत्याचा कर कोणीच कापून ठेवीत नाहीं. विक्रीची सगळी रक्कम खात्यांत येऊन पडते, आणि ती सगळी आपलीच आहे असें वाटूं लागतें. या नफ्यावरील कर केव्हां भरावा, न भरल्यास काय पडतें, आणि तें कसें टाळावें, याचा विचार या मासीं करावयाचा आहे.

आम्ही परभणी जिल्ह्यांत, सेलू तालुक्यांतील देवगाव फाटा येथें राहतों. सभोंवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं. त्यामुळें आमच्याकडील पंचांगांत एकादशी सांपडते, आठवडी बाजार सांपडतो, पण कराच्या तारखा सांपडत नाहींत. पूर्वीं त्यावांचून कांहीं अडलेंही नाहीं. आतां मात्र पुण्यास नोकरी करणारा पुतण्या, छत्रपति संभाजीनगरास असलेली लेक, आणि घरीं बसलेले आजोबा, हे सगळेच हातांतल्या फोनवरून फंड घेतात आणि विकतात. गुंतवणूक खेड्यांत आली. तिच्यामागून कायदा आला. कायद्याचें ज्ञान तेवढें मागें राहिलें.

कर थोडा थोडा घ्यावा, ही कल्पना कांहीं आजची नव्हे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें कर कसा घ्यावा हें सांगतांना जळू, वांसरूं आणि भ्रमर यांचा दृष्टांत दिलेला आहे. हे तिघेही आपलें भक्ष्य अल्प अल्प घेतात. हिंदुस्थानांत १८६० सालीं आयकर प्रथम बसला, आणि उत्पन्न होत असतांनाच कर हप्त्यांनीं भरावा ही योजना युद्धकालांत, १९४४ सालीं, तत्कालीन कायद्यांत घातली गेली. आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. हिंदुस्थानचा आयकर-कायदा येथें लागू झाला तो १९५० च्या एप्रिलपासून. भांडवली नफ्यावरील कराचा इतिहास तर अधिकच वळणांचा आहे. तो १९४७ सालीं आला, दोन वर्षांत गेला आणि १९५७ च्या एप्रिलपासून पुन्हां आला. पुढें बाजारांत विकलेल्या शेअरांच्या दीर्घकालीन नफ्यास ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत माफी होती. ही माफी संपून वर्षें लोटलीं, तरी "वर्षभर ठेवून विकलें म्हणजे कर नाहीं" हें वाक्य अजून अनेक घरांत प्रमाण मानलें जातें. गेलेल्या कायद्याची आठवण ही अज्ञानापेक्षांही अधिक महाग पडते.

दुसऱ्याच्या चुकीवर उपदेश करणें सोपें असतें. पस्तीस वर्षें शाळेंत आम्हीं तेंच केलें. यास्तव आज आमचीच एक चूक पुढें मांडतों.

आमच्या एकत्र कुटुंबाचें आयकराचें खातें वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलें आहे, आणि त्यांच्यामागें कर्तेपण आमच्याकडे आलें. कुटुंबाच्या नांवें दोन गाळे भाड्यानें दिलेले आहेत, कांहीं ठेव आहे, आणि शेअरांत पैसा घालणाऱ्या एका फंडांत कांहीं वर्षांपूर्वीं रक्कम गुंतविलेली होती. पुतण्याच्या कन्येला वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. तिच्या शुल्कासाठीं ऑगस्ट २०२४ मध्यें आम्हीं तीं युनिटें विकलीं. नफा झाला ९,२५,००० रुपये. पुतण्यानें त्याच सायंकाळीं फोनवर विचारलें, "काका, यावर सप्टेंबरांत आगाऊ कर भरावा लागेल ना?" आम्हीं म्हटलें, "अरे, साठ वर्षांवरील मनुष्यास आगाऊ कर माफ आहे. आम्हीं वाचलें आहे." तो गप्प बसला. वडील माणसानें 'वाचलें आहे' म्हटल्यावर आपल्या घरांत मुलें गप्प बसतात, हा आपल्या वळणाचा गुण खरा; पण त्या दिवशीं तो आम्हांस महागांत पडला.

आम्हीं वाचलेलें खोटें नव्हतें, अर्धें होतें. साठ वर्षें पूर्ण झालेल्या, भारतांत राहणाऱ्या आणि धंद्याचें वा व्यवसायाचें उत्पन्न नसलेल्या व्यक्तीस आगाऊ कर भरावा लागत नाहीं, ही सवलत खरी आहे. परंतु ती व्यक्तीस आहे. एकत्र हिंदु कुटुंब हा कायद्याच्या दृष्टीनें कर्त्याहून निराळा करदाता आहे. त्याचा पॅन निराळा, विवरणपत्र निराळें. कर्ता पासष्ट वर्षांचा असेल, सत्तर वर्षांचा असेल. कुटुंबास वय नसतें, आणि म्हणून वयाची सवलतही नसते. जुलै २०२५ मध्यें विवरणपत्र भरावयास बसलों तेव्हां हें उमगलें.

आतां हिशेब पाहावा. त्या वर्षीं कुटुंबाचें भाडें व व्याज मिळून इतर करपात्र उत्पन्न ३ लक्ष होतें, म्हणजे नव्या पद्धतीच्या करमुक्त मर्यादेइतकेंच. त्यावर कर नव्हता. नफ्यापैकीं १,२५,००० माफ, बाकी ८,००,००० वर साडेबारा टक्क्यांनीं १,००,००० कर, आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,०४,०००. हा कर आम्हीं २० जुलै २०२५ रोजीं एकरकमी भरला. पण त्यावर दोन प्रकारचें व्याज पडलें. एक, वर्ष संपेपर्यंत आगाऊ कर न भरल्याचें : एप्रिल ते जुलै असे चार महिने, दरमहा १ टक्का, म्हणजे ४,१६० रुपये. दुसरें, हप्ते चुकल्याचें : सप्टेंबरच्या ४६,८०० वर तीन महिन्यांचें १,४०४, डिसेंबरपर्यंतच्या ७८,००० वर तीन महिन्यांचें २,३४०, आणि मार्चच्या पूर्ण रकमेवर एका महिन्याचें १,०४०; मिळून ४,७८४. दोन्हींची बेरीज ८,९४४ रुपये.

हे रुपये कोणाचे? कुटुंबाचे, म्हणजे त्या मुलीच्या शुल्काचे. कर्त्याकडे जी रक्कम असते ती त्याची नसते; तो तिचा राखणदार असतो. आम्हीं ती रक्कम आमच्या निवृत्तिवेतनांतून कुटुंबाच्या खात्यांत भरली आणि वहींत कारणासह लिहून ठेवली. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, चूक घराचें काम करतांना झाली, घरच्याच खात्यांत पडूं द्या." त्यांचा भाव आम्हांस कळला, पण चूक काम करण्यांत झालेली नव्हती, विचारलेल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करण्यांत झालेली होती. असो.

आतां नियम सांगतों. वर्षाचा एकूण कर काढावा. त्यांतून मुळांतच कापला गेलेला कर वजा करावा. बाकी १०,००० रुपये अथवा अधिक राहत असेल तर आगाऊ कर भरणें भाग आहे. त्याचे चार हप्ते आहेत : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. पहिल्या दोन हप्त्यांत थोडी सूट आहे. जूनमध्यें १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्यांचें व्याज लागत नाहीं. त्याहून कमी पडल्यास मात्र तुटीवर तीन महिन्यांचें व्याज लागतें. १५ सप्टेंबरचा हप्ता १६ तारखेस भरला तरी तीन महिन्यांचेंच. शेवटच्या हप्त्याच्या तुटीवर एका महिन्याचें.

येथें सुज्ञ वाचक विचारील कीं, डिसेंबरांत बाजार चढेल आणि आपण विकूं, हें जूनमध्यें कसें कळावें? कायद्यानें हा विचार केलेला आहे. भांडवली नफा आणि लाभांश यांचा अंदाज आधीं बांधतां येत नाहीं, म्हणून त्यांवरील कर, नफा झाल्यानंतर जे हप्ते उरले असतील त्यांत भरला, तर मागील हप्त्यांचें व्याज लागत नाहीं. आमच्या उदाहरणांत जूनचा हप्ता मोजला गेला नाहीं तो यामुळेंच. आम्हीं सप्टेंबरांत ४६,८००, डिसेंबरांत ३१,२०० आणि मार्चांत २६,००० असे भरले असते, तर एक पैही व्याज पडलें नसतें. नफा फेब्रुवारींत झाला तर सगळा कर १५ मार्चपर्यंत. आणि १५ मार्चनंतर झाला तर ३१ मार्चपर्यंत भरावा. तात्पर्य, कायदा आपणांस भविष्य विचारीत नाहीं. घडलेल्या गोष्टीचा हिशेब वेळेवर मागतो.

सगळे हप्ते चुकलेल्यासही एक वाट उरते. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच समजली जाते. त्या दिवसापर्यंत देय कराच्या ९० टक्के रक्कम भरलेली असेल, तर एप्रिलपासून दरमहा चालू होणारें पहिल्या प्रकारचें व्याज लागत नाहीं. म्हणजे मार्चच्या अखेरीस जरी आम्हांस जाग आली असती, तरी ४,१६० रुपये वांचले असते. ३१ मार्चही हुकला तर विवरणपत्राच्या तारखेची वाट न पाहतां एप्रिलांतच कर भरून टाकावा. जितके महिने जातील तितके टक्के वाढतात.

लोक यास 'दंड' म्हणतात, पण हें व्याज आहे. दंड निराळा. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, आणि जाणूनबुजून खोटें दाखविल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. फंड कंपन्या आणि शेअरांचे दलाल यांच्याकडून प्रत्येक विक्रीची माहिती आयकर खात्यास जाते, आणि ती आपल्या वार्षिक माहितीपत्रकांत आपणांसही पाहावयास मिळते. तेव्हां उशीर हा विसराळूपणाचा दोष, आणि लपविणें हा नीतीचा. कायद्यानेंही त्यांत भेद ठेविला आहे.

नफा मोजतांना दर कोणता लावावा, हेंही थोडक्यांत सांगतों. बाजारांत नोंदलेले शेअर आणि शेअरांचे फंड बारा महिन्यांहून अधिक ठेवून विकले तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के, वर्षास १,२५,००० वगळून. त्याहून लवकर विकले तर २० टक्के. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोख्यांच्या फंडांचा नफा कितीही वर्षांनीं झाला तरी अल्पकालीन समजला जाऊन नेहमीच्या पायरीच्या दरानें कर लागतो. गृहिणींनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. सोन्याचे दागिने मोडणें हीही विक्रीच आहे, आणि जुने गोठ देऊन नव्या पाटल्या घेणें हींतही विक्री आलीच. चोवीस महिन्यांहून अधिक ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. सासूबाईंकडून आलेला जुना दागिना असेल तर १ एप्रिल २००१ रोजींची किंमत मूळ किंमत म्हणून धरतां येते. लग्नसराईंत सराफाकडे जातांना हा हिशेब कोणी करीत नाहीं, आणि सराफही सांगत नाहीं.

एकत्र कुटुंबांत तीन गोष्टींकडे विशेष लक्ष असावें. पहिली वर आलीच : कर्त्याच्या वयाचा लाभ कुटुंबास नाहीं. दुसरी, पतीनें पत्नीस अथवा सासऱ्यानें सुनेस दिलेल्या पैशांतून घेतलेल्या गुंतवणुकीचा नफा, विक्री तिच्या नांवें झाली तरी, देणाऱ्याच्या उत्पन्नांत मिळविला जातो. म्हणून आगाऊ कराचा हिशेबही देणाऱ्यानें करावा. तिचें स्वतःचें वेतन, अथवा माहेराहून आलेलें धन यांस हा नियम नाहीं. तिसरी, साठीनंतरची सवलत धंद्याचें उत्पन्न असल्यास जाते. ज्या दिवशीं घेतले त्याच दिवशीं शेअर विकणें, किंवा वायदेबाजारांत व्यवहार करणें, हें कायद्यानें धंद्याचें उत्पन्न आहे. कोणा आजोबांनीं दुपारचा वेळ जावा म्हणून फोनवर असा खेळ मांडला असेल, तर पैशाच्या जोखमीखेरीज त्यांची ही सवलतही गेली, हें घरच्यांनीं त्यांस आदरपूर्वक सांगावें. आणि ज्यांस सवलत आहे त्यांसही कर माफ नाहीं, हप्ते तेवढे माफ आहेत. विवरणपत्राच्या मुदतींत कर भरलाच पाहिजे.

व्यवहारांत काय करावें? घरच्या वहींत एक पान राखावें. त्यावर विक्रीची तारीख, कोणाच्या नांवें, मूळ खरेदी, विक्री, नफा आणि त्यावरील कर, असे सहा रकाने आंखावे. विक्रीची रक्कम खात्यांत येतांच कराचा अंश निराळ्या ठेवींत काढून ठेवावा. हातांत असलेला पैसा आपला वाटतो, बाजूस ठेवलेला वाटत नाहीं. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च यांच्या पहिल्या आठवड्यांत तें पान उघडून पाहावें. कांहीं विक्रींत तोटा झाला असेल तर तोही मांडावा. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यांतून. उरलेला तोटा पुढील आठ वर्षें ओढतां येतो, मात्र विवरणपत्र मुदतींत भरलेलें पाहिजे. आयकराच्या संकेतस्थळावर पैसे भरतांना 'आगाऊ कर' हें शीर्षक, बरोबर वर्ष आणि बरोबर पॅन निवडला ना, हें दोनदां पाहावें. कुटुंबाचा कर कर्त्याच्या पॅनवर भरल्याचे घोटाळे निस्तरतांना फार दिवस जातात. अधिक भरलें गेलें तर भिण्याचें कारण नाहीं. विवरणपत्रानंतर जास्तीची रक्कम परत मिळते.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास १९६१ च्या कायद्याऐवजीं २०२५ चा नवा आयकर-कायदा लागू आहे. त्यांत कलमांचे आंकडे बदलले, 'करनिर्धारण वर्ष' हा शब्द जाऊन 'कर-वर्ष' आला; परंतु हप्त्यांचें तत्त्व तेंच राहिलें आहे. दर आणि मर्यादा दर फेब्रुवारींतील अंदाजपत्रकानें बदलूं शकतात, म्हणून भरण्यापूर्वीं त्या वर्षाचे आंकडे पाहून घ्यावे.

शेवटीं एक सांगतों. आमच्या त्या वहींत ८,९४४ रुपयांची जी नोंद आहे, तिच्याखालीं पुढील ओळींत यंदापासून कराचें पान पुतण्याच्या स्वाधीन केल्याचें लिहिलें आहे. तो पुण्याहून दर तीन महिन्यांनीं आंकडे कळवितो, आम्ही ते वहींत उतरवितों आणि न विचारतां भरतों. कर्तेपण सोडलें असें नव्हे. घरांत ज्यास एकादी गोष्ट अधिक कळते त्याचें ऐकणें, हाही कर्तेपणाचाच भाग आहे. आपल्या घरींही असा कोणी मुलगा किंवा सून असेल, आणि त्यानें अगर तिनें एकादे दिवशीं भीत भीत कांहीं विचारलें असेल. १५ तारखेपूर्वीं तो प्रश्न एकदां पुन्हां ऐकून घ्यावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.